कबड्डीच्या फोटोंसाठी पहिला डीएसएलआर: बॉडी कुठली, लेन्स कुठली?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. पाककृती आणि बागकाम सोडून पहिल्यांदाच या विभागात धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक कबड्डी खेळते. गेल्या वर्षीपासून महिला गटात, डाव्या कोपऱ्यावर. म्हणजे चढाई नाही, पकड. मंडळाच्या ग्रुपवर येणारे तिचे दीडेकशे फोटो जमले असतील घरात, आणि एकातही तिचं तोंड धड दिसत नाही. पाठ दिसते, वेणी दिसते, पाठीवरचा नंबर दिसतो. एकात तर नुसता हात आहे, रेडरच्या घोट्याला धरलेला. "अगं आजी, हा हात माझाच आहे," असं ती सासूबाईंना पटवत होती, तेव्हाच ठरवलं की आता कॅमेरा आपणच घ्यायचा.

सामने बहुतेक संध्याकाळी सातनंतर, उघड्या मैदानावर, हॅलोजनखाली. कधी मॅट, कधी माती. बजेट ७० हजार, ताणून ७२. भिशी लागलीय. मोबाइलने काढून पाहिले, सगळ्या मुली भुतासारख्या पुसट आल्या. शोरूममधल्या मुलाने कॅनन १५००डी आणि दोन लेन्सचा किट सुचवलाय, वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट. घेऊ का? मला यातलं शून्य कळतं असं समजून सांगा.

फुल्लझूम

ताई, घेऊ नका. बॅग आणि ट्रायपॉड फुकट मिळतोय म्हणजे माल पडून आहे.

१५००डी तसा वाईट कॅमेरा नाही. बारसं, सहल, घरचा गणपती, मस्त चालतो. पण सेकंदाला ३ फोटो, फोकसचे बिंदू ९ आणि त्यातही भरवशाचा मधला एकच. पकड लागून निकाल लागेपर्यंत असतात किती सेकंद? एक, फार तर दीड. तुमच्या वाट्याला तीन-चार फोटो येणार. एक हललेला, एकात डोळे मिटलेले, एकात आडवी आलेली भलतीच मुलगी.

ट्रायपॉडचं तर बोलूच नका. कबड्डीच्या मैदानाच्या कडेला ट्रायपॉड लावला तर पहिल्या पाच मिनिटांत तोच बाद होईल.

निकॉनभक्त

वापरलेली निकॉन डी७२०० घ्या. ५१ बिंदू, सेकंदाला ६ फोटो, दोन कार्डं बसतात. शिवाय बॉडीतच लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्ससुद्धा ऑटोफोकस होतात. ८०-२०० एफ २.८ ची (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) जुनी एएफ-डी लेन्स नव्या ७०-२०० च्या मानाने फारच कमीत मिळते. डी३५०० किंवा डी५६०० घेतलात तर ही सोय नाही, त्यांच्यात मोटर नसते. तिथे हाताने फोकस करत बसावं लागेल.

आता कॅननवाले येतीलच.

कॅननवाला_बंड्या

आलो.

पेठेतला

ताई, नमस्कार कोल्हापुरातनं. आमच्याकडं फुटबॉल. शाहू स्टेडियमवर दुपारच्या सामन्याला मी साधी ५५-२५० घेऊन बसतोय आणि पाटाकडील-दिलबहारचे असले भारी फोटो निघतात की पोरं स्टेटसला ठेवतात. किट लेन्सला उगं शिव्या घालू नका. उन्हात एफ ५.६ वर शटरचा वेग १/१००० मारायचा, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) २०० बी पुरतोय. काय विषय नाही.

खरं तुमचं सातनंतर म्हटल्यावर विषय आहे.

एडिसनकर

सगळे डीएसएलआर का सुचवत आहेत कळत नाही. निकॉनने डी५०० सुद्धा २०२२ मध्ये बंद केला. कॅननचा १डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६, दोन्ही २०२० चे, त्यानंतर या कंपन्यांनी त्या दर्जाचा डीएसएलआर काढलेला नाही. बुडत्या जहाजाचं तिकीट कशाला काढायचं? मिररलेस घ्या, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा. कॅनन आर१० सेकंदाला १५ फोटो काढतो, डोळा शोधून त्यावर फोकस चिकटवतो. मी इथे लेकाच्या सॉकरचे फोटो त्यानेच काढतो, आईशप्पथ सांगतो, मला काही करावंच लागत नाही.

फुल्लझूम

@एडिसनकर, मान्य. पण आर१० घेतल्यावर ७० हजारांत लेन्स कुठली उरते ते सांगा. किटची. म्हणजे पुन्हा तोच अंधार, फक्त सेकंदाला १५ वेळा.

एडिसनकर

ताईंनी बजेट वाढवावं.

डोंबिवलीकरीण

भिशी वर्षातून एकदाच लागते हो दादा.

रेषेबाहेर

बॉडीवरची मारामारी जरा थांबवा. ताई, एक प्रश्न. सामन्याला तुम्ही बसता कुठे?

डोंबिवलीकरीण

प्लास्टिकच्या खुर्चीवर, मंडळाच्या बाकीच्या बायकांबरोबर. आमच्या बाजूच्या शेवटच्या रेषेच्या मागे. पोरींना पाणी-बिणी द्यायला तिथून बरं पडतं. का?

रेषेबाहेर

मग पाठच दिसणार ना!

मी लालबाग-परळ-प्रभादेवी पट्ट्यात पंधराएक वर्षं कबड्डीचे फोटो काढतोय, काही वर्षं पेपरसाठी, आता हौस म्हणून. मंडळाचे फोटोग्राफर बहुतेक आपल्या संघाच्या मागे उभे राहतात. तिथून काय दिसतं? समोरून येणाऱ्या चढाईवालीचं तोंड आणि आपल्या सातही जणींच्या पाठी. पकड करणारीचा चेहरा मध्यरेषेकडे असतो. तो हवा असेल तर तुम्हाला मध्यरेषेच्या पलीकडे जावं लागेल. कॅमेरा कितीही महाग घ्या, खुर्ची तीच ठेवलीत तर दीड लाखात वेणीच येईल. फक्त स्पष्ट येईल.

दुसरं. खरी मजा पकड लागल्यावर असते. घोटा धरला की चढाईवाली वळते आणि मध्यरेषेकडे अंग फेकते. त्या क्षणी दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात. पुढे हात ताणलेली ती, मागे दात-ओठ खाऊन धरलेली तुमची लेक. हा फोटो फक्त समोरून मिळतो.

आता जागा. लेक डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे समोरून बघताना तुमच्या उजव्या हाताला. तुम्ही डावीकडच्या बाजूच्या रेषेबाहेर बसा, मध्यरेषा ओलांडून दोनेक मीटर, खाली जमिनीवर. त्याहून मागे गेलात तर चढाई करणाऱ्या संघाच्या उरलेल्या सहाजणी आडव्या येतात. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे एक अर्धा ६ मीटरचा. तिथून लेकीपर्यंत तिरकं अंतर साधारण साडेदहा मीटर भरतं. मध्यंतराला बाजू बदलतात, तेव्हा तुम्हीही उठून बदलायचं. अर्धा १५ मिनिटांचा असतो, पाय अवघडायच्या आत सुटका होते.

आता लेन्सचा हिशेब आपोआप सुटतो. कॅननच्या छोट्या सेन्सरवर ८५ मिमीची लेन्स लावली तर साडेदहा मीटरवर आडव्या फोटोत पावणेतीन मीटर रुंद आणि एक मीटर ऐंशीच्या आसपास उंच एवढं मावतं. वाकून उभी असलेली कोपऱ्यातली मुलगी आणि तिने धरलेला पाय, बरोब्बर. ५० मिमीने त्याच जागेवरून पावणेपाच मीटर रुंद येतं, अख्खी साखळी मावते. २५० मिमीचं इथे कामच नाही, नुसत्या नाकपुड्या येतील.

आणि उजेड. किट लेन्सचं तोंड लांबच्या टोकाला एफ ५.६. ८५ मिमी एफ १.८ मिळते. फरक जवळपास दहापट उजेडाचा आहे. दहापट! तेवढा आयएसओ वाढवून पाहा, फोटोत लेक कमी आणि रवा (बारीक ठिपके) जास्त दिसेल.

पेठेतला

दंडवत घ्या मालक. मी बी गोलच्या मागंच बसत होतो आजवर, आमचा गोलकीपर पाठमोराच येतोय नेहमी.

निकॉनभक्त

८५ एफ १.८ निकॉनचीही आहे. डी७२०० वर उत्तम. मुद्दा अजून माझाच आहे.

रेषेबाहेर

@निकॉनभक्त, दिवे बघितल्याशिवाय बॉडी ठरवू नका म्हणतो. ताई, कुणाकडून दोन दिवस कॅमेरा उसना मिळेल का? कुठलाही चालेल. डायलवर टीव्ही असं लिहिलेलं असेल तिथे आणा, वेग १/५०० ठेवा, आयएसओ ६४००, आणि एका सामन्यात बटण दाबून धरून सलग फोटो काढा. चांगले यायची गरज नाही. आले की इथे काय दिसतं ते सांगा.

डोंबिवलीकरीण

यांच्या ऑफिसमधल्या एकांकडे नेमका १५००डीच आहे, तो शनिवारी आणला होता. तुम्ही म्हणालात तिथेच बसले. (पंचांनी दोनदा मागे सरकायला लावलं.)

एक, सगळे फोटो काळे. अगदी काळे नाहीत, पण दिवेलागणीला लाइट गेल्यावर घरात दिसतं तेवढंच.

दोन, कॅमेरा बिघडलेला आहे की काय अशी शंका आहे. एकापाठोपाठ काढलेल्या चार फोटोंत एक बरा, दुसरा पिवळट, तिसरा आणखी काळा आणि चौथ्यात वरचा भाग नीट पण खालची पट्टी मातकट. सेटिंगला हात लावला नव्हता. त्यांना परत करताना सांगू का?

रेषेबाहेर

काही सांगू नका, कॅमेरा ठणठणीत आहे. मला हेच बघायचं होतं.

आपण मैदानावरच्या सगळ्याच मोठ्या दिव्यांना हॅलोजन म्हणतो, पण खरे हॅलोजन आता क्वचित. जुन्या खांबांवर मेटल हलाइड असतात, नव्यांवर एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे असला दिवा सेकंदाला १०० वेळा मोठा-लहान होतो. डोळ्याला कळत नाही. १/१०० वेगाने फोटो काढलात तर एक अख्खी उघडझाप पोटात येते, सगळे फोटो सारखे दिसतात, पण खेळाडू हलतात. १/५०० वर त्या उघडझापीचा जेमतेम पाचवा हिस्सा हाताला लागतो. भरातला लागला तर बरा फोटो, उतारावरचा लागला तर काळा आणि रंगही वेगळा. खालच्या पट्टीचं कारण असं की एवढ्या वेगाला शटर एकदम पूर्ण उघडत नाही, त्याची फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. फोटोची खालची पट्टी टिपली जाते तेव्हा नेमका दिवा उतरलेला असतो.

खऱ्या जुन्या हॅलोजनला हा त्रास फार कमी, त्याची तार तापलेलीच राहते. एलईडीचं त्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून, चांगला असेल तर काही जाणवत नाही. तुमच्या मैदानावर मात्र आहे.

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. दिव्याची उघडझाप ओळखून तो भरात असतानाच शटर सोडायचं. कॅननने हे पहिल्यांदा २०१४ मध्ये ७डी मार्क टू मध्ये दिलं, मग ८०डी मध्ये आलं. निकॉनमध्ये डी५०० आणि डी७५०० मध्ये फोटोंसाठी आहे. डी७२०० मध्ये लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून काढणं) आणि व्हिडिओपुरतंच.

निकॉनभक्त

मान्य. घरी जाऊन मेनू उघडून पाहिला, फोटोंसाठी खरंच नाही. सहा वर्षं वापरतोय, कधी लक्षात आलं नाही, कारण मी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि सूर्य अजून मेटल हलाइडचा झालेला नाही. ताई, मग डी७५०० बघा. ८ फोटो सेकंदाला. कार्ड मात्र एकच.

कॅननवाला_बंड्या

🍿

फुल्लझूम

म्हणजे आता उमेदवार तीन. वापरलेला ८०डी, ७डी मार्क टू, डी७५००. ७डी मार्क टू सेकंदाला १० काढतो, ६५ बिंदू, शटर दोन लाख फोटोंचं. तीन दणके जास्त सोसेल. पण मिळतात ते बहुतेक लग्नवाल्यांनी नाहीतर पेपरवाल्यांनी पिळून काढलेले. ८०डी सेकंदाला ७, ४५ बिंदू, शटर एक लाख फोटोंचं, आणि हौशी लोकांनी कपाटात ठेवलेले बरेच मिळतात. शिवाय सेन्सर नवीन, २०१६ चा. अंधारात मी ८०डीला एक माप जास्त देईन.

एडिसनकर

आणि उद्या मिररलेसवर गेलात तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर जशाच्या तशा चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टरही आहे, पण त्यात मोटर नाही, त्यामुळे वर ज्या स्वस्त एएफ-डी लेन्सचं कौतुक झालं त्या तिथे हाताने फिरवाव्या लागतील. म्हणजे माझा मुद्दा मी सोडलेला नाही, फक्त पुढे ढकललाय.

जुनाबाजार

वापरलेला घेणार असाल तर माझं रडगाणं ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून ८५ मिमी घेतली. काच वरून लखलखीत. दुकानदार म्हणाला बिल देतो, आणि हातात कच्च्या पावतीचं पाकीट दिलं. पावसाळा संपता संपता फोटोंवर दुधाळ झाक यायला लागली. लेन्समधून टॉर्च मारून पाहिलं तर आत बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मधल्या काचेवर. ती काही त्या दोन महिन्यांत उगवलेली नव्हती. परत गेलो तर दुकानदाराला मी आठवेना.

तेव्हा लेन्स हातात आली की मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. धूळ चालते, जाळं चालत नाही. बॉडीला एफ १६ वर आकाशाचा फोटो काढा, काळे ठिपके मोजा. थोडे साफ होतात. स्क्रूचे माथे बघा, घासलेले असतील तर आत कुणी हात घातलाय. निकॉनचा शटरचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. कॅननचा बहुतेक मॉडेलमध्ये फाइलमध्ये नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, तेव्हा लॅपटॉप घेऊनच जा.

आणि फोकस तपासा. जमिनीवर टेलरची टेप शून्य आपल्याकडे ठेवून लांब पसरा, तिरकं बसून ५० च्या आकड्यावर फोकस करा, एफ १.८ ठेवून. ५३ स्पष्ट आला तर लेन्स मागे मारतेय. ८०डी आणि ७डी मार्क टू मध्ये हे मेनूतून सुधारता येतं, १५००डी मध्ये नाही.

डोंबिवलीकरीण

टेलरची टेप आहे घरी. 😄 बुरशीचं मात्र भ्यायला झालं, आमच्याकडे जुलैत चपलांना येते. तांदळाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का?

जुनाबाजार

तांदूळ नको, पीठ जातं फटींत. घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि सिलिका जेल. रंग बदलला की ओल शोषून झाली समजा, जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. कढई वेगळी ठेवा, त्यात नंतर पोहे नकोत.

डोंबिवलीकरीण

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला.

८०डी मिळाला, ठाण्यात एका गृहस्थांकडे, शटर अठरा हजार फोटो चाललेलं. मुलगी लहान असताना घेतला होता, ती आता दहावीला आहे आणि फोटो काढू देत नाही म्हणाले. बॉडी ४० हजार. ८५ एफ १.८ वापरलेली १७ हजार, टॉर्च मारून आणि टेप पसरून घेतली, विकणारा मुलगा बघतच राहिला. ५० एफ १.८ नवीनच घेतली. कार्ड, डबा, सिलिका धरून ७० च्या आत बसलं. शोरूममधल्या मुलाला फोन करून नको म्हटलं, तर तो म्हणाला ट्रायपॉड तरी घेऊन जा मॅडम.

आता चालवायचं कसं ते सांगा.

रेषेबाहेर

अभिनंदन! वाचताना क्लिष्ट वाटेल, एकदा बसवलंत की हात लावायचा नाही.

डायल एम वर. वेग १/६४०. छिद्र एफ २, अगदी १.८ वर नको, किंचित बंद केली की धार येते. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. फोकस एआय सर्व्हो, म्हणजे खेळाडू सरकेल तसा फोकस सरकत राहतो. फोटो जेपेगमध्ये. रॉमध्ये (कच्ची, मोठी फाइल) पंचवीसेक फोटोंनी कॅमेरा धापा टाकतो आणि नेमकी तेव्हाच पकड लागते. अँटी-फ्लिकर चालू करा, सलग फोटोंचा वेग थोडा मंदावेल, मंदावू दे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग) ऑटोवर सोडू नका, सामन्याआधी मॅटवर पांढरा रुमाल धरून एकदाच बसवून टाका. फ्लॅश अजिबात नको, पोरींच्या डोळ्यांवर येतो आणि पंच हाकलतील ते वेगळंच.

मागच्या बाजूला अंगठ्याखाली एएफ-ऑन लिहिलेलं बटण आहे. फोकसचं काम त्याला द्या आणि शटरच्या बटणावरून काढून टाका. पहिला आठवडा जीव नकोसा होईल. नंतर अंगठा आपोआप लेकीवर राहतो आणि बोट फक्त वेळ साधतं.

आणि चढाईवालीच्या मागे कॅमेरा फिरवू नका. सगळे तेच करतात. चढाई ३० सेकंदांची, त्यात ती कुठेही जाईल, पण कोपरा कोपऱ्यातच असतो. लेकीवर फोकस धरून बसा. तिचे गुडघे आधी वाकतात, मग खांदा पुढे येतो, तेव्हा बटण दाबायचं. पाय धरलेला दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो.

पेठेतला

हे छापून घेतो मी.

फुल्लझूम

एक भर. लेन्सला हुड लावूनच बसा. माझ्या मांडीवर एकदा अख्खा उजवा मध्यरक्षक येऊन पडला होता. हुड फुटलं, काच वाचली. तो उठला, सॉरी काका म्हणाला आणि परत जाऊन पकडीला उभा राहिला. मी मात्र आठवडाभर लंगडत होतो.

डोंबिवलीकरीण

चार सामने झाले. हिशेब देते: फोटो ११००, त्यातले बरे ६०, दाखवण्यासारखे ९. निदान तीनशे फोटो पंचांच्या पोटऱ्यांचे आहेत. तो बाजूच्या रेषेवर चालणारा पंच नेमका माझ्यासमोर येऊनच का थांबतो? आता मला त्यांचे बूटही ओळखता येतात.

५० वाली जरा शोधत बसते, ८५ चटकन धरते. सासूबाईंनी कॅमेरा हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाल्या, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या.

एक फोटो टाकतेय. उपांत्य सामना, शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. ८५ मिमी, एफ २, १/६४०.

[फोटो]

निकॉनभक्त

अरे बापरे. दोन्ही हातांनी घोटा, गाल मॅटला टेकलाय आणि डोळे उघडे! कपाळावर चिकटलेली ती बट, दंडावरची माती. ताई, कॅनन असून मानलं.

रेषेबाहेर

क्या बात है. दोघींची तोंडं आली. रंगही सगळीकडे सारखा, खाली पट्टी नाही. हा फ्रेम करून लावा.

बाकी, निकाल काय दिला पंचांनी? चढाईवालीचा हात मध्यरेषेच्या अगदी वर दिसतोय.

डोंबिवलीकरीण

टेकला म्हणाले. गुण त्यांना. बरोबरी झाली आणि मग आम्ही हरलो. लेक अजून म्हणतेय टेकला नव्हता.

पेठेतला

टेकला नाही! झूम करून बघा, बोटाच्या खाली सावली वेगळी दिसतीया. बोट आणि सावली यांच्यात फट आहे. पोरीवर अन्याय झालाय.

कॅननवाला_बंड्या

फट नाही ती, पुसट आलंय. फोकस चेहऱ्यावर आहे आणि हात दीड-दोन मीटर पुढे. ८५ मिमीवर एफ २ ला या अंतरावर जेमतेम मीटरभरच स्पष्ट येतं. एफ ४ ठेवलं असतं तर बोट जरा जास्त स्पष्ट दिसलं असतं.

रेषेबाहेर

एफ ४ ठेवलं असतं तर आयएसओ २५ हजारांवर गेला असता आणि रवा मोजत बसला असता. फोटो बरोबर आहे. बोट मला तरी टेकल्यासारखं वाटतंय.

पेठेतला

तुम्ही पंचांच्या बाजूचे वाटतं! ताई, हे सगळं र्‍हाऊ दे. सेकंदाला सात काढतोय न्हवं कॅमेरा? पुढचा फोटो टाका. त्यात कळंल.

डोंबिवलीकरीण

पुढच्या फोटोत पोटरी आहे.